यकृताच्या वर आतडं : चिलायडिटीच्या पहिल्या एक्स-रेपासून सहा आठवड्यांच्या तपासणीपर्यंत

उभं राहून काढलेल्या छातीच्या एक्स-रेमध्ये उजव्या श्वासपटलाखाली (छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याखाली) काळी चंद्रकोर दिसली, की कॅज्युअल्टीतली लगबग एकदम वाढते. डाव्या बाजूला अशी हवा दिसली तर कोणी दचकत नाही, कारण तिथे जठरातला हवेचा बुडबुडा असतोच. उजवीकडे मात्र श्वासपटल आणि त्याला भिडलेलं पांढरं यकृत, एवढंच दिसायला हवं. मध्ये हवा आली की पहिली शंका एकच: जठराला किंवा आतड्याला भोक पडून हवा पोटात सुटली आहे. तसं असेल तर ऑपरेशनला उशीर करून चालत नाही.

पण काही थोड्या लोकांमध्ये ती हवा पोटात सुटलेली नसते, आतड्यातच असते. मोठ्या आतड्याचं एक वळण यकृत आणि श्वासपटल यांच्यामध्ये शिरून बसलेलं असतं. याला चिलायडिटी म्हणतात. काही डॉक्टर कायलायडिटी असा उच्चार करतात. दोन वेगळे आजार समजून घाबरू नका, नाव एकच आहे. या निदानातून जाताना लागणारी माहिती सलग, क्रमाने कुठे मिळत नाही, म्हणून ही वाट जशी पुढे सरकते तशीच लिहून काढली आहे. सगळ्यांना यातला प्रत्येक टप्पा लागत नाही. बहुतेकांचं काम चौथ्या-पाचव्या दिवशी घरी जाण्यावर संपतं.

पहिले काही तास

सुरुवात बहुधा पोटदुखीने होते. उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखतं, पोटाला तडस लागते, मळमळ, उलटी, भूक मेलेली, आणि मागचे काही दिवस शौचाला साफ झालेलं नसतं. काहींना पोटापेक्षा धाप जास्त जाणवते, कारण फुगलेलं आतडं श्वासपटल वर ढकलतं आणि फुप्फुसाला पूर्ण फुलायला जागा राहत नाही. छातीत दुखतंय म्हणून थेट हृदयाच्या तपासण्या सुरू होतात, असंही घडतं. ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी रक्तचाचणी) केलं तर ते वाया गेलं असं समजू नका. छातीच्या दुखण्यात हृदय आधी पाहावंच लागतं.

या वेळी डॉक्टरांना चार गोष्टी न विचारता सांगाव्यात. शेवटचा वारा कधी सरला आणि शेवटचं शौच कधी झालं, अगदी दिवस आणि वेळेसकट. पोटावर आधी कुठलं ऑपरेशन झालं आहे का. सध्या कुठली औषधं चालू आहेत; विशेषतः लोहाच्या गोळ्या, व्हेरापामिल (हृदय आणि रक्तदाबाचं औषध), ओपिऑइड गटातली म्हणजे मॉर्फिनसारखी वेदनाशामकं, मानसिक आजारावरची काही औषधं, कारण ही सगळी आतडं मंदावतात. आणि चौथी गोष्ट, जी बहुतेक जण विसरतात: पूर्वीचा छातीचा किंवा पोटाचा एखादा एक्स-रे घरी पडला आहे का. नोकरीच्या वेळच्या तपासणीचा असो, जुन्या खोकल्यासाठी काढलेला असो, तो मागवून घ्या. त्यातही उजव्या श्वासपटलाखाली तशीच हवा दिसत असेल, तर आजची हवा आजच सुटलेली नसावी हे डॉक्टरांच्या लगेच लक्षात येतं. जुन्या फिल्मने निदान सिद्ध होत नाही, पण विचाराची दिशा बदलते. आणि तब्येत बिघडलेली असेल तर फिल्म शोधण्यासाठी उपचार थांबवायचे नाहीत.

पोट तपासताना डॉक्टर बरगड्यांवर बोटाने ठोकून पाहतात. यकृतावर ठोकलं की भरीव, बद्द आवाज येतो. तिथे पोकळ आवाज आला तर मध्ये हवा आहे हे एक्स-रेआधीच कळू शकतं. पण ही खूण भोक पडलेल्या पोटातही मिळते, त्यामुळे तिच्यावर निर्णय होत नाही. खरा फरक रुग्णाच्या अवस्थेत दिसायला लागतो. भोक पडलेलं असेल तर पोट लाकडासारखं कडक होतं, नाडी वेगात असते, हलायलाही नको वाटतं. चिलायडिटीत पोट फुगलेलं पण मऊ असतं. वयस्कर माणसांत आणि स्टिरॉइड घेणाऱ्यांत मात्र भोक पडूनही पोट मऊ राहू शकतं. म्हणून "पोट मऊ आहे" एवढ्यावर कोणी घरी पाठवू लागलं, तर एक्स-रेतल्या हवेचा खुलासा मागावा.

हवा आतड्याच्या आत की बाहेर

पुढचा सगळा मार्ग या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरतो.

रेडिओलॉजिस्ट त्या काळ्या पट्टीत आडव्या घड्या शोधतात. मोठ्या आतड्याच्या भिंतीला ठरावीक अंतरावर चुण्या असतात, त्यांना हॉस्ट्रल घड्या म्हणतात. पट्टीत चुण्या दिसल्या तर हवा आतड्यात आहे. सुटलेल्या हवेत चुण्या नसतात. ती श्वासपटलाखाली गुळगुळीत कोर धरून बसते. अडचण अशी, की आतडं खूप ताणलेलं असलं तर चुण्या पुसट होतात, आणि घाईत काढलेल्या फिल्मवर त्या दिसतीलच असं नाही.

मग डाव्या कुशीवर झोपवून दुसरी फिल्म काढतात. सुटलेली हवा हलकी असल्याने वर सरकते आणि यकृत व पोटाची उजवी भिंत यांच्यामध्ये येते. आतड्यातली हवा कुठे जात नाही, फार तर तिचा आकार थोडा बदलतो. या फिल्मचा नेम चुकतो तो वेळेत. कुशीवर वळल्या वळल्या बटण दाबलं तर थोडी सुटलेली हवा वर यायला अवधीच मिळत नाही. कुशीवर झाल्यावर सुमारे १० मिनिटं तसंच पडून राहायला हवं. दुखत असताना ही १० मिनिटं फार लांब वाटतात, पण तंत्रज्ञ घाई करत असतील तर "थोडं थांबून काढूया" असं म्हणायला संकोच करू नका. उभ्या फिल्मचंही तेच. झोपलेल्या माणसाला उठवून लगेच फिल्म काढण्याऐवजी पाच-दहा मिनिटं बसू द्यावं.

सोनोग्राफीचा इथे मर्यादित उपयोग. हवा ध्वनिलहरी अडवते, त्यामुळे यकृतावर आतडं असेल तर यकृताचा मोठा भाग दिसतच नाही आणि रिपोर्टमध्ये "वायूमुळे नीट दिसले नाही" असं येतं. अनेकांना ही ओळ वाचून यकृतातच काहीतरी बिघडलंय असं वाटतं. तिचा अर्थ एवढाच, की त्या खिडकीतून पाहता आलं नाही.

शेवटचा शब्द सीटी स्कॅनचा. पोटाच्या सीटीत हवा आतड्याच्या भिंतीच्या आत आहे की बाहेर हे काप-काप करून दिसतं. त्यातही फुप्फुसं पाहण्यासाठी जी सेटिंग वापरतात ती पोटावर लावली, तर सुटलेल्या हवेचे बारीक बुडबुडे चटकन उठून दिसतात. सीटीला खरा वेळ मशीनमध्ये जात नाही, तिथे काही मिनिटंच लागतात. वेळ जातो तयारीत: चित्र ठळक करणारं औषध (कॉन्ट्रास्ट) शिरेतून द्यायचं असेल तर क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाची रक्तचाचणी पाहतात, आधी कुठल्या कॉन्ट्रास्टची अॅलर्जी झाली होती का विचारतात, कोपराजवळ जाड सुई लावतात, संमतीपत्रावर सही घेतात. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर सांगा. मूत्रपिंडाचं काम कमी असेल तर ती काही काळ थांबवावी लागते. औषध आत जाताना अंगभर ऊब पसरते आणि तोंडाला धातूची चव येते. ते क्षणभर टिकतं आणि ते अपेक्षितच आहे. पोटाच्या सीटीत किरणोत्साराची मात्रा ढोबळमानाने ८ ते १० मिलिसिव्हर्ट, तर छातीच्या एका एक्स-रेची ०.१ मिलिसिव्हर्ट. तातडीच्या वेळी हा सौदा पूर्ण योग्य आहे. मात्र पुढच्या प्रत्येक पोटदुखीला नवा सीटी करू नये, म्हणून आजच्या स्कॅनची प्रत जपायची.

या टप्प्याला वाट पाहणं मनाला फार थकवतं. एकीकडे सर्जन ऑपरेशनची तयारी ठेवा म्हणतात, उपाशी ठेवतात, रक्ताचा गट तपासायला पाठवतात, आणि दुसरीकडे रिपोर्ट हातात आलेला नसतो. हे दोन्ही बरोबर चालू असणं योग्यच आहे, पण ते कोणी समजावून सांगत नाही. "भोक पडलं आहे असं ठरलं का, की फक्त शंका आहे?" हा प्रश्न सरळ विचारा. उत्तराने जीव थोडा खाली येतो.

रिपोर्टमधला शब्द नीट वाचा

रिपोर्टवर दोन प्रकारे लिहिलेलं सापडतं. "चिलायडिटी साइन" म्हणजे आतडं तिथे आहे, एवढी नोंद. "चिलायडिटी सिंड्रोम" म्हणजे आतडं तिथे आहे आणि त्यामुळे त्रासही होतो आहे. हा भेद शब्दांचा खेळ नाही. साध्या एक्स-रेत ही साइन ०.०२५ ते ०.२८ टक्के लोकांत दिसते, आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. पुरुषांत ती स्त्रियांपेक्षा सुमारे चौपट आढळते आणि वय वाढतं तसं प्रमाण वाढतं.

माझा आग्रह आहे तो इथेच. आतडं यकृतावर दिसलं म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं असं होत नाही. त्याच माणसाला पित्ताशयात खडे असू शकतात, अपेंडिक्स सुजलेलं असू शकतं, स्वादुपिंडाचा दाह असू शकतो, उजव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया असू शकतो. दुर्मीळ नाव सापडलं की शोध थांबवायचा मोह सगळ्यांनाच होतो, रुग्णालाही. लायपेज (स्वादुपिंडाची रक्तचाचणी), यकृताच्या चाचण्या, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि सीटीत बाकीचे अवयव कसे आहेत, हे पाहून झाल्यावरच सिंड्रोम हा शब्द लागायला हवा.

एक्स-रेवर साइन म्हणायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: उजवं श्वासपटल आतड्यामुळे यकृतापासून वर उचललेलं असावं, त्या आतड्यात हवा भरलेली असावी, आणि यकृताची वरची कड डाव्या श्वासपटलाच्या पातळीच्या खाली गेलेली असावी. हे नाव डिमिट्रियस चिलायडिटी या ग्रीक रेडिओलॉजिस्टचं. व्हिएन्नात काम करत असताना १९१० मध्ये त्यांनी असे तीन रुग्ण एक्स-रेसह वर्णन केले.

आतडं तिथे जातंच कसं? यकृत वर श्वासपटलाला अस्थिबंधांनी बांधलेलं असतं आणि मोठं आतडंही आपापल्या जागी टाचल्यासारखं धरलेलं असतं. त्यामुळे मध्ये फट राहत नाही. अस्थिबंध जन्मापासून सैल किंवा नसलेले असले, आतडं गरजेपेक्षा लांब आणि मोकळं असलं, सिरॉसिसमुळे (यकृतात व्रण पडत जाण्याचा आजार) यकृत आक्रसलं, किंवा उजवं श्वासपटल त्याची नस निकामी झाल्याने वर गेलेलं असलं, तर फट तयार होते. जुन्या दम्यासारख्या फुप्फुसाच्या आजारात छातीचा खालचा घेर रुंदावतो, तेही एक कारण. जलोदर, स्थूलपणा, एकाहून जास्त गर्भारपणं, झपाट्याने उतरलेलं वजन यांचाही हात असतो. आणि वर्षानुवर्षांचं बद्धकोष्ठ आतडं ताणून लांबवतं. आपल्या बाबतीत यातलं काय लागू आहे हे विचारून घ्या, कारण पुढची काळजी त्यावर ठरते. सिरॉसिस असेल तर यकृताच्या तज्ज्ञांकडे जायचं, श्वासपटल वर असेल तर त्याची नस का गेली हे शोधायचं. "जन्मजात आहे, सोडून द्या" हे उत्तर प्रत्येकाला लागू नाही.

दाखल झाल्यावरचे दिवस

भोक नाही, पीळ नाही, रक्तपुरवठा ठीक आहे हे ठरलं की उपचार अगदी साधे असतात, इतके की काही होतच नाहीये असं वाटतं. तोंडाने काही नाही, शिरेतून सलाईन, अंथरुणात आराम, आणि आतडं रिकामं करणं. बहुतेकांना एवढंच पुरतं.

नाकातून जठरात नळी प्रत्येकाला लागत नाही. उलट्या थांबत नसतील किंवा पोट फार फुगलं असेल तरच घालतात. नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी मोजतात. घालताना हनुवटी छातीकडे झुकवून गिळत राहिलं की नळी अन्ननलिकेत सहज उतरते. डोकं मागे टाकलं तर ती श्वासनलिकेकडे जाते आणि ठसका लागतो. खोकला थांबेना किंवा आवाज फुटेना असं झालं तर लगेच हात वर करा. नळी बाहेर काढून पुन्हा घालायची असते. ती योग्य जागी गेल्याची खात्री झाल्याशिवाय तिच्यातून काहीही आत सोडू देऊ नका.

पोटॅशियमकडे लक्ष ठेवा. उलट्या आणि उपास यांत ते खाली येतं, आणि ३.५ च्या खाली गेलं की आतडं आणखी सुस्त होतं. पोट उतरत का नाही याचं उत्तर कधीकधी या एका आकड्यात असतं. वेदनेसाठी शिरेतून पॅरासिटामॉल चांगलं चालतं. ओपिऑइड गटातलं औषध एखाद-दुसऱ्या वेळी द्यावं लागलं तर हरकत नाही, पण ते आतड्याची हालचाल थांबवतं, म्हणजे दुखणं कमी आणि मूळ त्रास जास्त. पोटातल्या मुरड्यावरच्या इंजेक्शनांचंही तेच. अडथळा नक्की नाही हे ठरण्याआधी आतड्याला जोर देणारी औषधं मागू नका.

एनिमा देण्याआधी भोक पडण्याची शंका पूर्ण मिटलेली हवी. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा वय जास्त असेल तर सोडियम फॉस्फेटचा तयार एनिमा टाळायला सांगा, कारण त्यातलं फॉस्फेट रक्तात चढून क्षारांचा तोल बिघडवू शकतं. साध्या पाण्याचे किंवा ग्लिसरीनचे पर्याय असतात. एका एनिमाने साफ झालं नाही म्हणून निराश होऊ नका. मळ वर, उजव्या बाजूला अडकलेला असेल तर एनिमा तिथपर्यंत सहसा पोहोचत नाही.

एका वहीत किंवा फोनमध्ये चारच गोष्टी लिहीत राहा: वारा सरला ती वेळ, शौच झालं ती वेळ, उलटी, आणि दुखण्याचा दहापैकी आकडा. सकाळी राउंडला डॉक्टर दोन-तीन मिनिटं थांबतात. "काल रात्री अकरा आणि पहाटे चारला वारा सरला" हे वाक्य "थोडं बरं वाटतंय" पेक्षा शंभरपट उपयोगी पडतं. उठून चालायची परवानगी मिळाली की चाला. आतडं चालायला लागण्यात चालण्याचा मोठा वाटा आहे.

पोट उतरल्यावर एकदा परत एक्स-रे काढतात. काहींमध्ये यकृतावरची हवा पूर्ण नाहीशी होते, काहींमध्ये आतडं तिथेच राहतं आणि त्रास मात्र जातो. दोन्ही निकाल चांगलेच. तिथे आतडं दिसलं म्हणून उपचार फसले असं मानू नका. आधी पाणी, मग पातळ पदार्थ, मग मऊ अन्न असं करत करत नेहमीच्या जेवणावर येतात.

ऑपरेशन कधी

पोट रिकामं करूनही दुखणं हटेना, अडथळा सुटेना, किंवा आतड्याला पीळ पडला, रक्तपुरवठा तुटला, भोक पडलं, तर ऑपरेशन. पीळ पडायला सर्वांत जास्त भीती असते ती मोठ्या आतड्याच्या सीकम (सुरुवातीचा भाग), आडवं आतडं आणि सिग्मॉइड (गुदाशयाच्या आधीचा वळणदार भाग) या भागांत. सीटीत आतड्याच्या रक्तवाहिन्या भोवऱ्यासारख्या गुंडाळलेल्या दिसतात. दुखणं थांबून-थांबून येण्याऐवजी सलग आणि असह्य व्हायला लागलं, ताप आला, नाडी वाढत गेली, रक्तातलं लॅक्टेट (ऊतींना रक्त कमी पडलं की वाढणारं आम्ल) चढलं, तर आतडं मरायला लागलं असू शकतं आणि तेव्हा "सकाळपर्यंत बघू" म्हणायची वेळ नसते. रात्रपाळीतल्या नर्सला दुखण्यात झालेला हा बदल ठळकपणे सांगा. सुरुवातीपासून दुखत असलेल्या रुग्णात तो सहज नजरेआड होतो.

काय करतात ते परिस्थितीवर आहे. आतडं निरोगी असेल तर ते पोटाच्या भिंतीला टाके घालून जागी बांधतात. यकृत फार सैल असेल तर कधी यकृतही बांधतात. पीळ पडून आतड्याचा तुकडा निकामी झाला असेल तर तो काढून टोकं जोडतात, आणि फार लांब, सैल आतड्यात पुन्हा त्रास होऊ नये म्हणूनही तो भाग काढावा लागतो. हे सगळं दुर्बिणीतून होऊ शकतं. पोट खूप फुगलेलं असेल किंवा संसर्ग पसरला असेल तर उघडून करतात. संमतीपत्रावर सही करण्याआधी तीन प्रश्न विचारावेत: बांधणार की काढणार, दुर्बिणीतून सुरू करून उघडावं लागण्याची शक्यता किती, आणि पोटावर तात्पुरती पिशवी लावावी लागू शकते का. तिसरा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, पण शुद्धीवर आल्यावर अचानक पिशवी दिसण्यापेक्षा आधी ऐकलेलं बरं.

ठरवून केलेल्या ऑपरेशनला घन अन्न सहा तास आणि स्वच्छ पाणी दोन तास आधी बंद करतात. पोट तुंबलेलं असेल तर हे आकडे लागू होत नाहीत, भूलतज्ज्ञ सांगतील तेच. घरी गेल्यावर चार ते सहा आठवडे जड उचलायचं नाही.

कागद

डिस्चार्ज कार्ड हाती घेतलं की पाकिटात टाकण्याआधी वाचा. निदानाच्या रकान्यात नुसतं "पोटदुखी" किंवा "बद्धकोष्ठ" लिहिलेलं असेल तर तिथेच उभं राहून "चिलायडिटी" हा शब्द घालून मागा, साइन की सिंड्रोम यासकट. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या डॉक्टरांसमोर, बोलता येत नसेल अशा अवस्थेत हाच शब्द नको असलेलं ऑपरेशन टाळू शकतो. विम्याचा दावा असेल तर दाखल होतानाचं निदान आणि सुटतानाचं निदान वेगळं असल्यामुळे कागद परत येतात. दाखल होताना "भोक पडल्याची शंका" आणि सुटताना "चिलायडिटी सिंड्रोम, ऑपरेशनविना उपचार" असं का झालं, हे एका वाक्यात डिस्चार्ज कार्डावरच लिहून घेतलं तर पुढचा पत्रव्यवहार वाचतो. खर्च वाढतो तो बहुतेक सीटी, दाखल राहिलेल्या रात्री आणि पुन्हा-पुन्हा केलेल्या त्याच तपासण्या यांत. यातली तिसरी गोष्ट आपल्या हातात असते.

सीटीचा नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही. डायकॉम स्वरूपातली मूळ चित्रं सीडीवर किंवा लिंकवर मागा. अर्ज, ओळखपत्र, थोडी वाट, एवढ्यात मिळतात. सुटण्याच्या दिवशीच मागितली तर दुसरी फेरी पडत नाही. आणि श्वासपटलाखालची हवा दिसणारं एक चित्र फोनमध्येही ठेवा.

घरी आल्यावर

पुढचे सहा आठवडे सगळा भर एकाच गोष्टीवर: मळ साठू द्यायचा नाही. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची मळ मऊ करणारी पावडर बहुतेकांना मानवते, १७ ग्रॅम साधारण पाव लिटर पाण्यात, दिवसातून एकदा. परिणाम दिसायला एक ते तीन दिवस लागतात, त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी मात्रा वाढवू नका. लॅक्टुलोजही चालतं, पण आतड्यात आंबून वायू करतं आणि या त्रासात वायू नकोच असतो. सिरॉसिसच्या रुग्णांना ते वेगळ्या कारणासाठी लागतं, त्यांनी ते स्वतःहून बंद करू नये. तंतू वाढवायचे तर हळूहळू. एकदम वाढवले की पोट फुगतं आणि माणूस घाबरून सगळंच सोडतो. इसबगोल भरपूर पाण्याशिवाय घेतलं तर तेच आतड्यात घट्ट गोळा होऊन बसतं. शौचाची वेळ जेवणानंतरच्या अर्ध्या तासात ठेवा, तेव्हा आतड्याला आपोआप जोर येतो. कमोडवर बसत असाल तर पायाखाली वीतभर उंचीचं पाटासारखं काही घ्या. जोर काढत बसू नका, पाच-दहा मिनिटांत उठा.

घाईघाईने जेवणं, च्युइंगगम, नळीने पिणं, वायू असलेली पेयं यांतून हवा गिळली जाते. विमानात केबिनमधला दाब कमी असतो, त्यामुळे पोटातली हवा सुमारे तीस टक्क्यांपर्यंत फुगू शकते. एरवी याने काही बिघडत नाही. त्रास ताजा असेल किंवा ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर तिकीट काढण्याआधी सर्जनना विचारा.

दोन तपासण्यांच्या वेळी मात्र हे निदान सांगितलंच पाहिजे. कोलोनोस्कोपीत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत, दुमडलेल्या वळणात हवा अडकून आतडं फाटण्याचा धोका वाढतो. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला तर तो लवकर शोषला जातो. आणि उजव्या बरगड्यांमधून यकृतात सुई घालायची असेल, बायोप्सीसाठी किंवा पित्तनलिकेत नळी टाकण्यासाठी, तर सुईच्या वाटेत आतडं असू शकतं. सुई घालण्याच्या त्याच दिवशी, त्याच स्थितीत झोपवून पाहायला सांगा, कारण हे आतडं काहींमध्ये येत-जात असतं आणि महिन्यापूर्वीच्या स्कॅनवर विसंबता येत नाही.

उलट्या होतायत आणि वाराही सरत नाही, पोट कडक झालंय, दुखणं सलग झालंय, ताप आहे, शौचातून रक्त पडतंय किंवा नव्याने धाप लागतेय, यातलं काहीही झालं तर फोनवर सल्ला विचारत बसू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा आणि डिस्चार्ज कार्ड सोबत घ्या. आधीच्या वेळी भोक नव्हतं म्हणून या वेळीही नसेल असं धरून चालता येत नाही. तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून शंका घेतली तर घेऊ द्या.

सहा आठवड्यांच्या तपासणीला नोंदींची वही आणि सीडी दोन्ही न्या. बहुधा पोट तपासतात, वजन करतात, पावडरची मात्रा कमी करता येते का पाहतात, आणि एक छातीचा एक्स-रे काढतात. त्या फिल्मवर आतडं परत यकृतावर दिसलं, तर ती फिल्म जुन्या सीडीसोबत ठेवायची आणि घरी यायचं.